ऱ्हाइन ओलांडून गेलेले लॅटिन शब्द

इसवी सन १६. आजच्या उत्तर जर्मनीतून वाहणाऱ्या वेझर नदीच्या एका काठावर रोमन सैन्य उभं होतं, दुसऱ्या काठावर चेरुस्की टोळीचा पुढारी आर्मिनियस. सातच वर्षांपूर्वी ट्यूटोबर्गच्या जंगलात याच आर्मिनियसने रोमच्या तीन लीजन, म्हणजे तीन अख्ख्या पलटणी, कापून काढल्या होत्या. त्याचा भाऊ फ्लावुस मात्र रोमच्याच चाकरीत राहिला होता आणि त्या चाकरीत त्याने एक डोळा गमावला होता. आर्मिनियसने भावाशी बोलू देण्याची मागणी केली. दोन काठांवरून दोघांचं बोलणं सुरू झालं, बोलण्याचं भांडण झालं, आणि शेवटी एका रोमन अधिकाऱ्याने धावत येऊन फ्लावुसला धरलं म्हणून ते हातघाईवर आले नाहीत. रोमन इतिहासकार टॅसिटस हा प्रसंग सांगताना एक बारीक तपशील नोंदवून ठेवतो. आर्मिनियसच्या बोलण्यात लॅटिन शब्द पुष्कळ येत होते, कारण एके काळी त्याने रोमन छावणीत आपल्या लोकांच्या तुकडीचं नेतृत्व केलं होतं.

मला ही नोंद फार मोलाची वाटते. एका भाषेतला शब्द दुसरीत आलेला आपल्याला दिसतो, पण तो कुणाच्या तोंडून आला हे बहुतेक वेळा कायमचं हरवलेलं असतं. इथे ते तोंड दिसतं. रोमचा कडवा शत्रू भावावर चिडून ओरडतो, तेव्हाही छावणीतले शब्द त्याच्या जिभेवर असतात.

इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढची सहा-सात शतकं लॅटिनमधले काहीशे शब्द असेच जर्मानिक भाषांमध्ये शिरले. इंग्रजी, जर्मन, डच, फ्रिजियन, डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक या आजच्या जर्मानिक भाषा; गॉथिक ही त्यांची नामशेष झालेली बहीण. त्या काळात घेतलेले शब्द या भाषांत इतके मुरले आहेत की बोलणाऱ्याला ते परके वाटतच नाहीत. इंग्रजीच्या वाटेने त्यांतले काही आपल्या घरातही येऊन बसले आहेत. किटली, इंच, मैल, पौंड, डिश, टाइल, वाइन हे सगळे त्याच जुन्या उसनवारीतले.

पुढे जाण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. इंग्रजी किंवा जर्मन लॅटिनपासून जन्मल्या, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. लॅटिन, संस्कृत, ग्रीक आणि जर्मानिक या एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या शाखा आहेत. त्यामुळे काही शब्द त्यांच्यात मुळापासूनच सामाईक आहेत आणि काही नंतर उसने घेतलेले आहेत. दोन्ही वेगळे ओळखायचे कसे?

त्याची किल्ली आपल्याला संस्कृतमुळे सहज हाती लागते. संस्कृत पितृ, लॅटिन पातेर, इंग्रजी फादर. संस्कृत पाद, लॅटिन पेस (मूळ अंग 'पेद'), इंग्रजी फुट. संस्कृत त्रि, लॅटिन त्रेस, इंग्रजी थ्री. संस्कृत दन्त, लॅटिन देन्स, इंग्रजी टूथ. संस्कृत-लॅटिनमध्ये जिथे 'प' आहे तिथे जर्मानिकमध्ये 'फ', जिथे 'त' तिथे 'थ', जिथे 'द' तिथे 'ट'. हा बदल अपघाताने एखाद्या शब्दात झालेला नाही, तो सगळीकडे नियमाने झाला. याकोब ग्रिम या जर्मन विद्वानाने १८२२ मध्ये तो नीट मांडला म्हणून त्याला ग्रिमचा नियम म्हणतात. परीकथा गोळा करणाऱ्या दोन ग्रिम बंधूंपैकी थोरला तो हाच.

आता लॅटिनमधला वजनाचा शब्द 'पोंदो' घ्या. जर्मानिकमध्ये तो 'पुंड' झाला, इंग्रजीत आज 'पाउंड'. हा शब्द ग्रिमच्या बदलाआधी घेतला असता तर 'प'चा 'फ' आणि 'द'चा 'ट' व्हायला हवा होता. झालेला नाही. म्हणजे तो बदल घडून, थंडावून गेल्यानंतर हा शब्द आला. लॅटिनमधून घेतलेल्या जवळजवळ सगळ्याच शब्दांची हीच गोष्ट आहे. रोमन ऱ्हाइन नदीवर पोचले तेव्हा जर्मानिक भाषांनी आपला वेगळा चेहरा आधीच घडवला होता. लिखित पुरावा नसताना, फक्त आवाजांच्या तुलनेतून एवढं ठामपणे सांगता येतं, ही या शास्त्राची खरी ताकद आहे.

ज्युलियस सीझरने गॉल, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, इ. स. पूर्व ५८ ते ५० या काळात जिंकला आणि रोमची हद्द ऱ्हाइनला भिडली. ट्यूटोबर्गच्या पराभवानंतर रोमने नदीपलीकडचा बहुतेक मुलूख सोडून दिला. पुढे ऱ्हाइनपासून डॅन्यूबपर्यंत कुंपण, तट आणि चौक्यांची सुमारे ५५० किलोमीटरची सरहद्द उभी राहिली. इतिहासाच्या पुस्तकांत ही सरहद्द म्हणजे लढायांची यादी असते. पण वर्षातले बहुतेक दिवस तिथे लढाई नसे. बाजार असे. छावण्यांच्या भोवती दुकानं, खाणावळी, कोठारं उभी राहिली आणि त्यांतून शहरं वाढली. कोलोन शहराच्या नावात लॅटिन 'कोलोनिया' म्हणजे वसाहत जशीच्या तशी आहे, इ. स. ५० मध्ये तिला तो दर्जा मिळाला. ऱ्हाइन आणि मोझेल या नद्यांच्या संगमावरच्या कोब्लेंझचं नाव लॅटिन 'कॉन्फ्लुएन्तेस', म्हणजे संगम, यावरून आलं.

या बाजारातला माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलका शब्द म्हणजे 'काउपो'. लॅटिनमध्ये काउपो म्हणजे खाणावळवाला, किरकोळ विक्रेता, दारूच्या गुत्त्याचा मालक. रोममध्ये त्याला फारशी इज्जत नव्हती. पण नदीपलीकडच्या माणसाच्या दृष्टीने रोमन व्यापार म्हणजे हाच माणूस होता, आणि त्याच्या नावावरून व्यवहाराचं क्रियापदच तयार झालं. गॉथिक 'काउपोन' म्हणजे व्यापार करणे, जर्मन 'काउफेन', डच 'कोपेन', स्वीडिश 'शोपा' म्हणजे विकत घेणे. जुन्या इंग्रजीत 'चेआप' म्हणजे सौदा. 'चांगला सौदा' अशा अर्थाच्या प्रयोगातून आजचा 'चीप', म्हणजे स्वस्त, शिल्लक राहिला. लंडनमधलं चीपसाइड म्हणजे जुनी बाजारपेठ. कोपनहेगन म्हणजे व्यापाऱ्यांचं बंदर. जर्मानिक लोकांकडून हा शब्द आणखी पुढे गेला. फिनिशमध्ये दुकानाला 'काउप्पा' म्हणतात, रशियनमध्ये विकत घेण्याला 'कुपीत'. रोममधल्या गुत्तेवाल्याने अर्ध्या युरोपाला खरेदी-विक्रीचा शब्द दिला.

दुसरा शब्द 'मांगो'. हा गुलामांचा व्यापारी, माल सजवून त्यातले दोष लपवणारा. इंग्रजीत त्याचा 'मंगर' झाला आणि त्यातली बदनामी त्या वेळी गळून गेली. फिशमंगर म्हणजे साधा मासेविक्रेता. या दोन शब्दांवरून दिसतं की रोमचे सिनेटर किंवा पंडित या भाषांना लॅटिन शिकवत नव्हते. शिकवत होते ते फेरीवाले, सैन्यामागून फिरणारे दुकानदार आणि गुलामांचे दलाल. टॅसिटसच्याच एका नोंदीनुसार आजच्या चेक प्रदेशात राज्य करणाऱ्या मारोबोदुउस राजाच्या गावी असे रोमन व्यापारी घर करून राहिले होते. सुरुवातीला व्यापाराची सवलत, मग पैशाची हाव आणि शेवटी मायदेशाचा विसर, असं त्यांच्या मुक्कामाचं कारण तो देतो.

व्यापाराबरोबर मोजमाप आलं. पाउंड आलाच. हजार पावलांच्या अंतराला लॅटिनमध्ये 'मीलिया पास्सुउम' म्हणत, त्यातला 'मीलिया' म्हणजे आपला मैल. जकातीचा शब्द जर्मनमध्ये 'त्सोल', इंग्रजीत 'टोल', दोन्ही एकाच लॅटिन शब्दाचे. रोममध्ये जूनो मोनेता देवीच्या देवळाशी टांकसाळ होती, म्हणून 'मोनेता' म्हणजे नाणं. जर्मनमध्ये त्याचं 'म्युन्त्से' झालं आणि इंग्रजीत 'मिंट'. (पुदिन्याचा मिंट हाही लॅटिन 'मेंता'वरून, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.)

आणि दारू. टॅसिटस इ. स. ९८ मध्ये लिहितो की जर्मानिक लोक धान्यापासून केलेलं पेय पितात, पण नदीकाठाजवळ राहणारे वाइनही विकत घेतात. 'वीनुम' हा शब्द त्या काठावरून थेट स्कँडिनेव्हियापर्यंत गेला. बिअरसारख्या पेयाला त्यांचे स्वतःचे शब्द होते, ते तसेच राहिले. जी वस्तू नवी, तिचं नाव नवं.

हेच घरात सर्वांत स्पष्ट दिसतं. टॅसिटस म्हणतो की या लोकांना दगडी बांधकाम आणि कौलं माहीत नाहीत, सगळं लाकडाचं. मग बांधकामाचे शब्द बघा. लॅटिन 'मूरुस' म्हणजे दगडी भिंत, त्याचं जर्मन 'माउअर'. 'तेगुला' म्हणजे कौल, त्याचं जर्मन 'त्सीगेल', इंग्रजी 'टाइल'. 'स्त्राता' म्हणजे फरसबंद वाट, त्याचं 'स्ट्रीट' आणि 'श्ट्रासे'. 'फेनेस्त्रा'चं जर्मन 'फेन्स्टर', म्हणजे खिडकी. इंग्रजी 'सेलर' म्हणजे तळघर त्याच रांगेतलं. उलट घर, छप्पर, दार यांना जर्मनमध्ये अस्सल देशी शब्द आहेत. जर्मनमध्ये भिंतीला आजही दोन शब्द आहेत, 'वांट' आणि 'माउअर'. माउअर दगडविटांची. वांट हा देशी शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ वळणे, गुंफणे. कोकणात, घाटावर फांद्या-कामट्या विणून, वर माती लिंपून जो कूड घालतात, तीच ही भिंत. एका भाषेत कुडाची भिंत आणि दगडाची भिंत शेजारी शेजारी उभ्या आहेत, आणि दुसरी कुठून आली ते तिच्या नावातच लिहिलेलं आहे.

इंग्रजीत मात्र खिडकीला लॅटिन शब्द टिकला नाही. 'विंडो' हा नंतर व्हायकिंगांकडून आलेला, मूळ अर्थ 'वाऱ्याचा डोळा'.

स्वयंपाकघरात तर लॅटिनची मोठी वस्ती आहे. 'कुक' आणि 'किचन' दोन्ही तिथलेच. चीज म्हणजे लॅटिन 'कासेउस', जर्मन 'केझे', डच 'कास'. स्कँडिनेव्हियात मात्र हा शब्द पोचला नाही, तिथे आजही 'ओस्ट' हा स्वतःचा शब्द आहे. पेअर, प्लम, बीट, मुळ्याचा रॅडिश, कोबीचा जर्मन 'कोल' हे सगळे लॅटिन. आपला 'कोबी' पोर्तुगीज 'कोव्ह'वरून आला असं मानतात, आणि तो 'कोव्ह' आणि जर्मन 'कोल' दोघांचा बाप एकच, लॅटिन 'काउलिस'. लॅटिन 'दिस्कुस' म्हणजे थाळी. इंग्रजीत तिची 'डिश' झाली, पण जर्मनमध्ये 'टिश' म्हणजे टेबल. हे विचित्र वाटेल, पण टॅसिटस सांगतो की जर्मानिक लोकांत प्रत्येक जण वेगळ्या आसनावर बसून स्वतःच्या वेगळ्या मेजावर जेवे. एका माणसापुरत्या छोट्या मेजात आणि तबकात फरक तो किती!

'कातिल्लुस' म्हणजे छोटं भांडं. गॉथिकमध्ये त्याचा 'कातिल्स', जर्मन 'केसेल', इंग्रजी 'केटल' आणि मग आपली किटली. रोमन काशाची भांडी या लोकांना फार प्रिय होती. डेन्मार्कपर्यंतच्या थडग्यांत ती सापडतात. नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, 'केटिल' हे चक्क माणसाचं नाव झालं. थोरकेल हे नाव म्हणजे 'थोर' नावाचा देव आणि केटिल यांचा जोड.

एका शब्दापाशी मराठी वाचकाने जरा जास्त थांबावं. पेपर, म्हणजे मिरी. लिपे नदीवर ओबरआडेन इथे इ. स. पूर्व ११ च्या सुमारास रोमनांनी छावणी उभारली होती, ती जेमतेम तीन-चार वर्षं चालली. तिच्या उत्खननात मिरीचे दाणे सापडले. मलबारच्या किनाऱ्यावरचं पीक, तांबड्या समुद्रातून, अलेक्झांड्रियातून, आल्प्स ओलांडून जर्मनीतल्या लाकडी छावणीत! इंग्लंडच्या उत्तर सरहद्दीवरच्या व्हिंडोलंडा किल्ल्यात सैनिकांचे लाकडी पातळ फळ्यांवर लिहिलेले हिशोब मिळाले आहेत, त्यांतही एका शिपायाच्या नावावर दोन दिनारांची (दिनार हे रोमन नाणं) मिरी मांडलेली आहे. या किल्ल्यात ऱ्हाइनच्या मुखाकडून आणलेले बाटावी सैनिक राहत असत, म्हणजे जर्मानिक भाषा बोलणारे लोक. नाव कसं शिकलं गेलं असेल ते इथे डोळ्यांना दिसतं. शब्दाचा प्रवासही मालासारखाच. संस्कृत पिप्पली, जिची मराठीत पिंपळी झाली, तिच्याशी जुळणाऱ्या भारतीय रूपावरून ग्रीक 'पेपेरि', त्यावरून लॅटिन 'पिपेर', त्यावरून जुनं इंग्रजी 'पिपर' आणि जर्मन 'प्फेफर'. पिंपळी आणि काळी मिरी या दोन वेगळ्या वस्तू, पण पश्चिमेकडे दोघींना एकच नाव पडलं. पुढे इ. स. ४०८ मध्ये गॉथ राजा आलारिकने रोमला वेढा घालून खंडणी मागितली, तेव्हा ५,००० पौंड सोनं आणि ३०,००० पौंड चांदीबरोबर ३,००० पौंड मिरीही मागितली. चव लागली होती आणि शब्दही.

सैन्याने काय दिलं? लॅटिन 'वाल्लुम' म्हणजे मातीचा तट, त्याचा इंग्रजी 'वॉल'. 'पीलुम' म्हणजे फेकण्याचा भाला, जर्मनमध्ये 'प्फाइल' म्हणजे बाण. 'काम्पुस' म्हणजे मैदान, जिथे कवायत आणि लढाई होई. जर्मनमध्ये 'कांप्फ' म्हणजे लढाईच. तलवार, ढाल, भाला यांची देशी नावं मात्र हलली नाहीत. शस्त्रं त्यांच्याकडे होतीच. नव्हती ती रोमन सैन्याची व्यवस्था. तट, खांब रोवून केलेलं कुंपण, मोजलेला रस्ता, ठरलेला पगार.

पगाराचा पुरावा तर अपूर्व आहे. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबल गॉथिकमध्ये उतरवलं. त्याची जांभळ्या चर्मपत्रावर चांदी-सोन्याच्या शाईने लिहिलेली प्रत स्वीडनमध्ये उप्साला इथे जपलेली आहे. लूकच्या शुभवर्तमानात शिपाई बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो सांगतो, आपल्या पगारात समाधानी राहा. या एकाच वचनात गॉथिकमध्ये शिपाईगिरी करण्याला 'मिलितोन' आणि पगाराला 'अन्नो' असे दोन शब्द आहेत, दोन्ही लॅटिन. वुल्फिला भाषांतर करत होता ते ग्रीकवरून, आणि ग्रीक मूळात त्या जागी वेगळेच शब्द आहेत. म्हणजे हे लॅटिन शब्द त्याने पुस्तकातून उचलले नाहीत. गॉथ लोकांच्या बोलण्यात ते आधीच रुळले होते, कारण कित्येक गॉथ रोमच्या पगारावर शिपाईगिरी करत होते. त्याच भाषांतरात सुईच्या नेढ्यातून जाणाऱ्या उंटाला 'उल्बंदुस' म्हटलं आहे. हा शब्द मुळात 'एलेफान्तुस', म्हणजे हत्ती! दूरदेशीचं, कधी न पाहिलेलं, प्रचंड जनावर एवढाच अर्थ उरला होता.

आता या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग. शब्द कधी घेतला हे कसं कळतं? तारीख कुणी लिहून ठेवलेली नाही. पण भाषेचे आवाज ठरावीक काळात बदलतात, आणि जो शब्द त्या काळात भाषेत हजर असतो तो त्या बदलात सापडतो. नंतर आलेला शब्द सुटतो.

इ. स. ५०० नंतरच्या एक-दोन शतकांत दक्षिणेकडच्या जर्मन बोलींत मोठा बदल झाला. 'प'चा 'प्फ' किंवा 'फ', 'ट'चा 'त्स' किंवा 'स'. इंग्रजी आणि डचमध्ये तो झाला नाही. म्हणून इंग्रजी अॅपल तर जर्मन आप्फेल, इंग्रजी टेन तर जर्मन त्सेन, इंग्रजी वॉटर तर जर्मन वासर. हे अस्सल देशी शब्द. आता उसने बघा: पेपर-प्फेफर, पाउंड-प्फुंट, टाइल-त्सीगेल, स्ट्रीट-श्ट्रासे. तेही तसेच बदलले. म्हणजे बदल सुरू झाला तेव्हा ते भाषेत बसलेले होते. उलट 'टेंपेल', म्हणजे देऊळ, जर्मनमध्ये 'ट'सकट आहे. तो नंतर आला. कधी एकच शब्द दोनदा येतो. लॅटिन 'ताबुला' म्हणजे फळी. आधी आलेली 'त्साबेल' झाली आणि मध्ययुगात बुद्धिबळाच्या पटासाठी वापरली गेली. नंतर आलेली 'टाफेल' म्हणूनच राहिली.

दुसरी खूण लॅटिन 'क'ची. सीझरच्या काळात त्याच्या नावाचा उच्चार 'काएसार' होता. तेव्हा उचललेलं जर्मन रूप 'काइझर' तो 'क' आजवर सांभाळून आहे. आपण मराठीत कैसर लिहितो ते 'सीझर'पेक्षा खुद्द त्याच्या काळच्या उच्चाराच्या कितीतरी जवळ आहे. साम्राज्याच्या अखेरच्या काळात 'ए' आणि 'इ'च्या आधीचा हा 'क' बोलीत मऊ होऊ लागला. म्हणून तळघराचा जर्मन शब्द 'केलर', लवकर घेतलेला, आणि मठातल्या खोलीचा 'त्सेले', उशिरा घेतलेला. दोघांचं मूळ एकच. हा 'त्स' म्हणजे मराठी 'चाक'मधला च. आणि मराठी 'चिंच'मधला पहिला च ऐकायचा असेल तर इंग्रजीकडे जावं: तिथे जुना 'क' तिच्या स्वतःच्याच नियमाने बदलून चीज, चेस्ट, चॉक, चीप झाला. इंग्रजीची जवळची बहीण फ्रिजियन चीजला 'त्सीस' म्हणते. दोन्ही 'च' वापरणाऱ्या मराठी कानाला हा फरक लगेच पकडता येतो.

तिसरी खूण 'व'ची, आणि इथेही आपली लेखनपद्धत मदतीला येते. आपण 'वाइन' लिहितो पण 'व्हॅन' लिहितो. पहिला ओठ गोल करून म्हणायचा, दुसरा दात ओठाला लावून. जुन्या लॅटिनचा उच्चार पहिल्यासारखा होता, म्हणून लवकर आलेले शब्द वाइन आणि वॉल. पुढे लॅटिनचा उच्चार दुसऱ्यासारखा झाला. जुन्या इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला तसा आवाजच नव्हता, म्हणून नंतर घेतलेला 'वेर्सुस', म्हणजे कवितेची ओळ, तिथे 'फेर्स' झाला. दारू आधी आली, कविता नंतर.

आणखी एक. सहाव्या शतकाच्या आसपास इंग्रजीत पुढच्या अक्षरातल्या 'इ'मुळे मागचा 'उ' पुढे ओढला गेला आणि शेवटी 'इ' झाला. लॅटिन 'उंकिया' म्हणजे बारावा भाग. हा शब्द लवकर आला, बदलात सापडला आणि 'इंच' झाला, फुटाचा बारावा भाग. तोच शब्द कित्येक शतकांनी फ्रेंचमार्गे पुन्हा आला तो 'औंस', जुन्या पौंडाचा बारावा भाग. कापडाच्या दुकानातला इंच आणि सोन्याच्या भावातला औंस ही एकाच शब्दाची दोन वयं आहेत.

पाचव्या शतकात अँगल आणि सॅक्सन टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये गेल्या, तेव्हा यांतले बरेच शब्द त्यांच्या तोंडी होते. जो जुना उसना शब्द इंग्रजी आणि जर्मन दोन्हींत आपापल्या नियमांनी बदललेला दिसतो, तो बहुधा या स्थलांतराआधीचा. छावणीचा लॅटिन शब्द 'कास्त्रा' इंग्लंडच्या गावांना चिकटला: मँचेस्टर, विंचेस्टर, लँकेस्टर. तिथे रोमन किल्ल्यांचे अवशेष समोर उभेच होते.

कधी शब्द न घेता त्याची रीत घेतली गेली. रोमनांनी वारांना ग्रहदेवतांची नावं दिली होती. जर्मानिक लोकांनी देवता बदलून तीच पद्धत उचलली. ज्युपिटरच्या वाराला थोरचा वार, व्हीनसच्या वाराला फ्रिग देवीचा वार. सॅटर्नला मात्र त्यांच्यात जोड सापडला नाही, म्हणून इंग्रजीत सॅटरडे तसाच राहिला. हाच ग्रहांचा आठवडा पश्चिमेकडून भारतातही आला. मध्य प्रदेशातल्या एरण इथल्या इ. स. ४८४ च्या शिलालेखात गुरुवारचा उल्लेख आहे. गुरू म्हणजे ज्युपिटर, शनी म्हणजे सॅटर्न. म्हणूनच आपला गुरुवार त्यांचा थर्सडे आणि आपला शनिवार त्यांचा सॅटरडे.

चर्चमुळे आलेले शब्द, मास, मंक, आल्टर वगैरे, हा नंतरचा थर. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, कारण ते पाद्र्यांनी आणले आणि पाद्री लिहीत असत. मला आधीचा थर जास्त जवळचा वाटतो. त्यातली माणसं लिहीत नव्हती. त्यांचं कौल, किटली, पगार, मिरी हेच त्यांचं लेखन.

उलट दिशेनेही थोडी वाहतूक होती. रोमन लेखक प्लिनी सांगतो की जर्मनीतल्या पांढऱ्या बदकांसारख्या हंसांच्या पिसांना पौंडामागे पाच दिनार भाव मिळे आणि सरहद्दीवरचे अधिकारी पहाऱ्यावरच्या अख्ख्या तुकड्या त्यांच्या शिकारीला पाठवत. त्या पक्ष्याचं नाव तो 'गांता' देतो. हा जर्मानिक शब्द, इंग्रजी 'गूस'चा आणि आपल्या 'हंस'चा नातलग. अंबर या पिवळ्या राळेचं स्थानिक नाव टॅसिटसने 'ग्लेसुम' म्हणून नोंदवलं, ते आजच्या 'ग्लास'च्या कुळातलं. आणि 'सापो': चरबी आणि राख यांचं मिश्रण, केस लालसर करण्यासाठी. प्लिनीच्या मते शोध गॉल लोकांचा, वापर जर्मनांत जास्त, आणि त्यातही बायकांपेक्षा पुरुषांत. शब्द बहुधा जर्मानिकच, इंग्रजी 'सोप'चा सख्खा. लॅटिन 'सापो'वरून पोर्तुगीज 'सबांव' झाला आणि अरबी 'साबून'ही. मराठीतला साबण या दोहोंपैकी कोणत्याही वाटेने आलेला असो, मागे जाता जाता ऱ्हाइनच्या काठालाच पोचतो.

पश्चिमेतलं रोमन साम्राज्य कोसळल्यावर, फ्रँक आणि गॉथ या जर्मानिक टोळ्यांचे पुढारी राजे झाल्यावर, ही उलटी वाहतूक वाढली. लॅटिनमध्ये युद्धाला 'बेल्लुम' म्हणत. लोकांच्या बोलीतून तो शब्द पार पुसला गेला. फ्रेंचांचा 'गेर', इटालियनांचा 'ग्वेर्रा', स्पॅनिश आणि पोर्तुगीजांचा 'गेर्रा' हे सगळे जर्मानिक 'वेर्रा'वरून आले आहेत. इंग्रजी 'वॉर'ही त्याच शब्दाचं रूप.